आवडीचा प्रश्न आणि बलुत्याचा वारसा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात ‘करिअर मार्गदर्शन’ या विषयावर एक व्याख्यान झाले. सभागृह भरलेले होते. शहरातून आलेल्या मार्गदर्शकांनी फळ्यावर एकमेकांना छेदणारी चार वर्तुळे काढली. तुम्हाला काय आवडते, तुम्हाला काय जमते, जगाला कशाची गरज आहे आणि पैसा कशातून मिळतो, अशी ती चार वर्तुळे. ही चारही जिथे एकत्र येतात तिथे तुमच्या जगण्याचे प्रयोजन आहे, असे त्यांनी सांगितले. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. म्हणाला, “सर, माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. दोन वर्षांनी रिटायर होतील. त्यांच्या जागी मी लागलो नाही तर आमचं क्वार्टर जाईल. मला इतिहास शिकवायला आवडतं. मी कोणत्या वर्तुळात बसतो?”

मार्गदर्शक क्षणभर थांबले. मग म्हणाले, “ज्याच्या मनात जिद्द असते त्याला मार्ग सापडतोच.” टाळ्या पडल्या. मुलगा खाली बसला. त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या होत्या. त्या वेळी ते लक्षात आले नाही, घरी आल्यावर आले. हे टिपण त्यातून निघाले आहे.

आज महाविद्यालयांतून, शिकवणीवर्गांतून आणि पुस्तकांच्या दुकानांतून ‘स्वतःला शोधा’, ‘आवडीचे काम करा’, ‘जगण्याला अर्थ द्या’ अशा उपदेशांचे एक स्वतंत्र वाङ्मय उभे राहिले आहे. आमची मुले ते वाचतात, भक्तिभावाने वाचतात. कथा-कवितेची समीक्षा करताना आपण जी कसोटी लावतो ती या वाङ्मयाला कोणी लावत नाही. हे वाङ्मय कोणत्या माणसाला समोर ठेवून लिहिले गेले? त्या माणसाच्या पाठीशी काय आहे? आणि जो माणूस त्यात नाही त्याला ते काय सांगते? हे प्रश्न विचारायला हवेत.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. व्यवसाय मार्गदर्शन ही कल्पना मुळात श्रीमंतांच्या मुलांसाठी जन्मली नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९०८ साली फ्रँक पार्सन्स या सुधारकाने व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले, ते एका वस्ती-सेवाकेंद्राच्या आश्रयाने. गरीब वस्तीतल्या, बाहेर देशांतून आलेल्या कुटुंबांतल्या तरुणांना मिळेल त्या कामाला जुंपले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९०९ साली निघाले. स्वतःला ओळखा, कामांची माहिती करून घ्या आणि या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला, अशी त्याची साधी त्रिसूत्री होती. आमच्या फळ्यावरची चार वर्तुळे त्या मानाने अगदी अलीकडची आहेत. ‘इकिगाई’ या जपानी शब्दाच्या नावाने ती विकली जातात, परंतु आकृती जपानची नाही. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश लेखकाने काढलेल्या प्रयोजनाच्या आकृतीला मार्क विन याने २०१४ साली हे जपानी नाव चिकटवले. पार्सन्सच्या सूत्रात ‘कामांची माहिती’ हा बाहेरच्या जगाचा भाग निदान होता. कोणत्या कामाला कोणत्या अटी आहेत आणि त्यात कोणाला किती वाव आहे, हे पाहा, असे तो सांगत होता. चार वर्तुळांत बाहेरचे जग ‘गरज’ आणि ‘पैसा’ एवढेच उरले. दाराशी कोण उभे आहे आणि कोणाला आत घेतले जाते, हा प्रश्न आकृतीतून गळून पडला.

आपल्या देशात तर हा प्रश्न गाळताच येत नाही. माणसाने कोणते काम करावे हे त्याच्या जन्मापूर्वीच ठरवून ठेवणारी समाजरचना आपण शतकानुशतके सोसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने परिषद रद्द केल्यावर १९३६ साली स्वतःच छापलेले भाषण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. जात म्हणजे केवळ श्रमविभागणी होय, या युक्तिवादाला त्यांनी तेथे उत्तर दिले आहे. ही विभागणी श्रमाची नसून श्रमिकांची आहे, आणि तीही उतरंडीची आहे, हे त्यांचे म्हणणे आपल्या सभांतून नेहमी सांगितले जाते. त्याच्या पुढचा भाग मात्र फार थोडे लोक सांगतात. माणसाला स्वतःचा व्यवसाय निवडता यावा आणि घडवता यावा इतकी त्याची क्षमता वाढवणे हे समाजाचे काम आहे, आणि जात नेमके तेच नाकारते, असे बाबासाहेब म्हणतात. जिथे काम करणाऱ्याचे मन कामात नाही, जिथे काम अंगावर लादलेले आहे आणि ते करणाऱ्याला त्याचा कमीपणा वाटत राहतो, तिथे कार्यक्षमताही येऊ शकत नाही, असा त्यांचा आर्थिक युक्तिवाद आहे.

म्हणजे ‘तुला काय आवडते?’ हा प्रश्न आम्हांला परका नाही. तो आमचाच आहे. या देशात तो सर्वांत आधी विचारण्याचा हक्क ज्याला कधीच विचारला गेला नाही त्याचा आहे. म्हणून आपल्याच चळवळीत ऐकू येणारे एक मतही मला मान्य नाही. ते मत असे की, आधी पोटाचे बघा, अर्थ-बिर्थ ही पांढरपेशांची चैन आहे. हे वरवर क्रांतिकारक वाटते, पण त्यात आमच्या माणसाविषयी एक सूक्ष्म तुच्छता आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसे गेली ती केवळ तहान भागवायला गेली नव्हती. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला ती गेली होती, आणि बाबासाहेबांनी तसे स्पष्ट बजावले होते. अर्धपोटी माणसेही अर्थासाठी लढली, हा आमचा इतिहास आहे. तेव्हा मार्गदर्शकाचा प्रश्न चुकीचा नव्हता. प्रश्न विचारून उत्तराच्या वेळी त्याने पाठ फिरवली, हा त्याचा दोष.

राज्याच्या शिक्षण मंडळाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. मुलाचा कल कशाकडे आहे ते ओळखून वाट दाखवावी, हा हेतू चांगलाच. पण कल येतो कुठून? ज्या मुलाने प्रयोगशाळा आतून पाहिली नाही, ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, ज्याच्या ओळखीत एकही वास्तुशिल्पकार किंवा संशोधक नाही, त्याचा कल तिकडे दिसणार कसा? पाहिलेच नाही त्याची आवड लागत नाही. मग चाचणी मुलाचा कल मोजते की त्याच्या वस्तीची भिंत मोजते? आणि त्या मोजमापाला ‘स्वभाव’ असे नाव मिळाले की जुना कर्मसिद्धान्तच नव्या कागदावर छापून येतो.

आमच्याकडे या विषयावरचे खरे वाङ्मय नाही असे नाही. ते आहे, पण ‘मार्गदर्शन’ या कपाटात कोणी ते ठेवत नाही. दलित आत्मकथने या दृष्टीने वाचून पाहावीत. दया पवारांच्या ‘बलुतं’चे (१९७८) नावच मुळी गावगाड्यातल्या ठरलेल्या कामाच्या ठरलेल्या वाट्याचे आहे. त्या पुस्तकाची मांडणी आठवा. शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरून आलेला दगडू पवार समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याला आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग आहेत. नोकरी मिळाली, पांढरे कपडे आले, तरी दगडू जात नाही, आणि त्याला टाकून दयालाही पुढे जाता येत नाही. नोकरी लागणे आणि जगण्याचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही मार्गदर्शनपर पुस्तकापेक्षा ‘बलुतं’ने अधिक प्रामाणिकपणे सांगितले.

शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) घ्या. तराळ म्हणजे गावकीचा राबता माणूस. त्या घरातला मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो. आजच्या प्रेरणाबाजारात ही एका वाक्याची जाहिरात झाली असती. पण शीर्षकात ‘तराळ’ पुसलेला नाही, तो ‘अंतराळ’च्या शेजारी तसाच उभा आहे. उलट बेबी कांबळे यांना कोणतेही पद मिळाले नाही. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिले, कित्येक वर्षे ते लेखन दडवून ठेवले, आणि ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यांचा व्यवसाय दुकानदारीचा, पण त्यांच्या जगण्याचा अर्थ त्या दडवलेल्या कागदांत होता. चार वर्तुळांच्या आकृतीत ही बाई कुठेच बसत नाही. तिला जे आवडत होते त्यातून पैसा मिळत नव्हता आणि घरात त्याला मान्यताही नव्हती, तरी महार स्त्रियांच्या जगण्याचा दस्तऐवज तिच्यामुळेच उरला. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईची बांबूची विण आणि लेकीच्या लेखनाची विण यांचे नाते लेखिका स्वतःच सांगते. आईचे काम जातीने दिलेले होते. त्यातले कौशल्य मात्र आईचे स्वतःचे होते. जात नाकारताना हातातले कसब नाकारण्याचे कारण नाही, हा विचार आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचला पाहिजे.

ही आत्मकथने आणि आजची यशोगाथा यांत मूलभूत भेद आहे. आत्मकथनातला ‘मी’ हा ‘आम्ही’ला सोडून उभा राहत नाही. यशोगाथेतला ‘मी’ उभा राहतो तो मागे राहिलेल्यांकडे पाठ करून. ‘मी झोपडीत राहून अधिकारी झालो, मग तुम्ही का नाही?’ हा तिचा सूर असतो. त्या प्रश्नात मागे राहिलेल्या प्रत्येकावर ठपका आहे. स्पर्धा परीक्षेला बसलेल्यांपैकी फार थोडे पार होतात, हे साध्या गणिताचे सत्य आहे, कारण जागाच मोजक्या असतात. पण निकालानंतर सत्कार होतो तो पार झालेल्याचा. राहिलेला मुलगा पुण्यातल्या खोलीचे भाडे थकवून, वय ओलांडून गावी परततो, तेव्हा त्याला कोणीही व्याख्यानाला बोलवत नाही. खरे तर त्यालाच बोलवायला हवे. त्याच्याइतकी या वाटेची माहिती कोणाला आहे?

चळवळ म्हणून आपणही येथे निर्दोष नाही. आपण मुलांसमोर दोनच चित्रे ठेवली, एक साहेबाचे आणि दुसरे कार्यकर्त्याचे. साहेब झाला तर समाजाला विसरला म्हणून शिव्या आणि कार्यकर्ता झाला तर घर उपाशी. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी जी निराशा बोलून दाखवली, ती आपण प्रत्येक जयंतीला मुलांच्या डोक्यावर आदळतो. समाजाचे ऋण फेडले पाहिजे, यात वाद नाही. पण एकोणीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आईबापाची आशा, भावाबहिणींचे शिक्षण आणि वर सबंध समाजाचे ऋण ठेवल्यावर ‘तुला काय हवे?’ हे विचारायला जागा उरते का? ऋण फेडण्याच्याही नाना रीती आहेत. शेतीमाल तपासणारा, यंत्र दुरुस्त करणारा, परिचारिका, वकील, अनुवादक हे सारे ते फेडू शकतात. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, बॅरिस्टर होते, संपादक होते. बडोद्याच्या नोकरीत १९१७ साली राहायला जागा मिळाली नाही म्हणून त्यांना परतावे लागले. पुढे त्यांनी वकिलीचा स्वतंत्र व्यवसाय पत्करला. पोट कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसले तरच जीभ मोकळी राहते, हा त्या निवडीतला धडा मला आजच्या सर्व मार्गदर्शनाहून मोलाचा वाटतो.

आता बाजाराकडे पाहू. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आमच्या प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावण्यासारखा आहे. वर्तमानपत्रांत आलेल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा ठेवला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच राहिली, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या नोकरीशोधाचा अभ्यास मांडला. मुलाखतीत ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारली जाते आणि तिथे दलित उमेदवार अडखळतो, हे त्यातून पुढे आले. बाप काय करतो, हा तो प्रश्न. म्हणजे बलुत्याची नोंदवही अजून बंद झालेली नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि सरकारी क्षेत्रातही कंत्राटी पद्धत शिरली आहे. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. मागे घेतला हे विरोध करणाऱ्या तरुणांचे यश, पण वाऱ्याची दिशा कळली. या सगळ्याविषयी एक अक्षर न बोलता जो मार्गदर्शक ‘आत्मविश्वास वाढवा’ म्हणतो, तो मुलाला सांगतो की बंद दाराचा दोष तुझ्या ठोठावण्यात आहे.

आणि प्रयोजन नसल्यामुळे आमची मुले खचतात, हेही खरे नाही. रोहित वेमुलाला जगण्याचे प्रयोजन सापडले नव्हते काय? विज्ञानाविषयी लिहिणारा लेखक व्हावे, ही त्याची इच्छा होती. वसतिगृहातून काढलेल्या, शिष्यवृत्ती अडलेल्या अवस्थेत १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात त्याचा शेवट झाला. त्याच्यापाशी आवड होती, बुद्धी होती, समाजाशी बांधिलकी होती. नव्हती ती त्याला माणूस म्हणून वागवणारी संस्था. म्हणून विद्यार्थ्यांच्या मनाची चौकशी करण्याआधी महाविद्यालयाने स्वतःची चौकशी करावी. शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का? वसतिगृहात टोमणे मारले जातात का? मुलाला आपले दुःख सांगायला एक तरी प्राध्यापक आहे का?

मग मार्गदर्शन कसे असावे? मला चार गोष्टी सुचतात. पहिली, माहिती हा उपकार नाही, हक्क आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना, पुण्याच्या बार्टीची प्रशिक्षणे आणि अधिछात्रवृत्ती, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांच्या अटी, कागद आणि मुदती पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाच्या हातात पडल्या पाहिजेत. जातवैधता प्रमाणपत्रासाठी धावाधाव शेवटच्या आठवड्यात होते आणि प्रवेश हुकतात, हे दरवर्षीचे दृश्य आहे. दुसरी, मुलांना कामे दाखवा. न्यायालय, प्रयोगशाळा, वृत्तपत्राचे कार्यालय, सहकारी कारखाना, संग्रहालय आतून दाखवा. कल त्यानंतर विचारा. तिसरी, भेदभावाची तालीम द्या. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला मान खाली न घालता कसे उत्तर द्यावे, अन्याय झाला तर कोणत्या कलमाखाली तक्रार करावी, हे शिकवणे म्हणजेच खरे व्यक्तिमत्त्व विकसन. चौथी, अपयशाला जागा द्या. परीक्षा देण्याची वर्षे आधी ठरवा, दुसरी वाट आधी आखा, आणि परतलेल्याला वर्गात सन्मानाने बसवा.

औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जे महाविद्यालय सुरू केले त्याला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. हे नाव विद्वान भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे, आणि परिसराला नाव नागसेनाचे. प्रश्नकर्त्याचे नाव विद्यालयाला देणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. आपल्याकडच्या मार्गदर्शनात प्रश्न विचारणारा मुलगा खाली बसता कामा नये.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. सफाई कामगारांच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद लाड-पागे समितीच्या शिफारशींतून आली. उघड्यावर पडणाऱ्या कुटुंबांना तिने आधार दिला, हे विसरून चालणार नाही. ती काढून घ्या, असे मी म्हणणार नाही. पण त्या आधारात झाडू पिढीजात झाला, हेही खरे आहे. महार वतनाचा पेच असाच होता. वतनाची जमीन हवी तर गावकीची वेठ करा, वेठ सोडली तर जमीन गेली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यात या गाठीवरच बोट ठेवले होते. सेवा सुटावी, पण पूर्ण सारा भरून जमीन राहावी, अशी ती वाट होती. विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला. आजची मागणी त्याच धर्तीची असली पाहिजे. ज्यांनी तीन पिढ्या शहराची घाण उपसली त्यांचे घर झाडूला बांधलेले नसावे. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे दुसरे पद मागता यावे, आणि नोकरी नको म्हटले तरी छप्पर राहावे. ही मागणी घेऊन संघटनांनी, प्राध्यापकांनी नगरपालिकेच्या दारात उभे राहणे हे त्या मुलाचे करिअर मार्गदर्शन आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला शोधून काढले. आम्ही दोघांनी मिळून कागद मांडले. वडिलांच्या निवृत्तीला किती महिने आहेत, एम. ए. आणि सेट परीक्षेला किती वर्षे लागतील, नोकरी धरून बाहेरून शिकता येईल का, क्वार्टरचा नियम नेमका काय आहे, हे सारे लिहून काढले. त्याच्या घरी जाऊन वडिलांशीही बोललो. ते म्हणाले, “मास्तर, मला तरी कुठं आवडलं होतं हे काम? पण कोणी विचारलंच नाही कधी.” मुलगा बापाकडे बघत राहिला. कागदांवरचे सगळे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. नगरपालिकेला द्यायचा अर्ज तेवढा आम्ही तिघांनी मिळून लिहिला आहे.